मशीन तिरपं धरलं होतं

डिंडोली, सुरत
२० जुलै १९९७

स्वातीच्या पप्पांना,

पत्राच्या वर तीर्थरूप लिहायचं असतं असं शाळेत शिकवलं होतं. लिहायला बसले, पण हात वळला नाही. बायकोला न सांगता पोरीला शाळेतून उचलून गावाला पळवणाऱ्या माणसाला वर काय लिहायचं, ते कोणत्याच गुरुजींनी शिकवलं नव्हतं.

तुमच्या दादाच्या अक्षरातलं कार्ड काल मिळालं. 'तिच्या डोक्यात करंट सोडलेला आहे. पोर इथेच राहील. वत्सलाने आपल्या भावाकडे जावे.' का हो, तुम्हाला दोन ओळी लिहिता आल्या नाहीत? की त्यालाही आनंदादादाची परवानगी लागते? आणि कार्ड कशाला टाकलं, पाकीट मिळत नव्हतं का? पोस्टमनने वाचलं, शेजारच्या मंगलाबाईने वाचलं, मग माझ्या हातात आलं. आता सगळी गल्ली म्हणते, भिकनच्या बायकोला करंट दिला. शाब्बास!

करंट नाही तो. करंटचा इलाज म्हणजे शॉक, त्यात गुंगीचं इंजेक्शन देऊन आडवं पाडतात आणि डोक्याला करंट लावतात. तोही इलाजच आहे, त्यानेही माणसं बरी होतात, पण माझा तो नव्हता. माझं लोहचुंबकाचं मशीन. दोन चकत्या जोडलेल्या, त्यांना दांडा आणि मागे जाड वायर. मशीन चालवणाऱ्या हेतलबेन ते डोक्याला लावून धरतात, टक टक वाजतं, आपण जागेपणी खुर्चीत बसलेले असतो. वशी डॉक्टर लंडनला शिकून आले. ते म्हणाले, मनाच्या उदासीवर हे चालतं का ते आम्ही तपासतो आहोत, खर्च काही नाही, रोज यावं लागेल. तुम्ही माझ्या शेजारीच बसला होता आणि मान डोलवत होता. कागदावर तुमचीसुद्धा सही आहे.

मग पहिल्याच दिवशी काय झालं तुम्हाला? धातू अंगावर नको म्हणून हेतलबेनने मंगळसूत्र, नाकातली चमकी, कानातले, केसांतले आकडे सगळं स्टीलच्या वाटीत काढून ठेवायला लावलं. डोक्यावर पांढरी टोपी घट्ट बसवली, तिच्यावर पेनाने खुणा केल्या. मशीन टेकवलं, टक झालं आणि माझा उजवा अंगठा आपोआप उडाला. पुन्हा टक, पुन्हा उडाला. जागा सापडली म्हणून हेतलबेन खूश झाल्या. तुम्ही मात्र दारातून ओरडलात, "अंगात आलं हिच्या!" नवरा जिवंत असताना गळा मोकळा, कुंकू टोपीखाली आणि अंगठा नाचतो आहे, एवढंच तुम्हाला दिसलं. बाहेर बाकावर दहा माणसं बसली होती, ती सगळी उठून बघायला आली. तुम्ही जिना उतरून गेलात. मी तशीच बसून राहिले, दुसरं काय करणार होते.

पळायची सवय तुमची जुनीच आहे म्हणा. तीन वर्षांपूर्वी प्लेग आला तेव्हाही तुम्ही पहिल्या गाडीत, आणि मी स्वातीला कडेवर घेऊन दुसऱ्या दिवशी दोंडाईच्यापर्यंत उभी. तेव्हा मी मनाला समजावलं की भीती कोणालाही वाटते. या वेळी समजावणार नाही.

आणि मला झालं तरी काय होतं? थकवा. दिवसभर मान मोडून साड्यांचे धागे कापले की बाई थकणारच. बाकी काही नव्हतं. इलाज सुरू आहे आणि बरं वाटतं आहे. स्वातीची चौथी सुरू होऊन महिना झाला. बाईंचे दोन निरोप आले, अशीच गैरहजर राहिली तर नाव कमी करावं लागेल म्हणाल्या. येत्या आठवड्यात पोरीला आणून सोडा.

वत्सला


डिंडोली
१२ ऑगस्ट १९९७

स्वातीच्या पप्पांना,

परवा तुमच्यासमोर जे झालं ते मी तुम्हालाच लिहून कळवते आहे, कारण तुम्ही तिथे असूनही नसल्यासारखे उभे होता.

कानबाईच्या सणाला मी बोलावल्याशिवाय आले, असं वहिनी म्हणाल्या. घरच्या सुनेला घरच्या देवीचं आवतण लागतं, हे मला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर कळलं. दरवर्षी घरातल्या पुरुषांच्या नावाने नैवेद्याच्या रोटांसाठी गव्हाच्या मुठी काढतात, तेव्हा तुमच्या नावाचे गहू मी निवडते. यंदाही सुरतेहून निवडून, फडक्यात बांधून आणले होते. तुमच्या आईंनी ते हातात घेतले नाहीत. ओट्यावर ठेवले तर कोंबड्यांनी खाल्ले. बघत होता ना?

रोट खायचे ते फक्त कुळातल्यांनी. परक्याला त्यातला कणही चालत नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. म्हणजे त्या दिवशी कोणापुढे ताट येतं आणि कोणापुढे येत नाही, यावरून अख्ख्या भाऊबंदकीला कळतं की घरचं कोण. आरती झाली, पंगत बसली, मी वहिनींच्या बाजूला बसले. आई वाढत वाढत आल्या आणि मला ओलांडून पुढे गेल्या. मी म्हटलं, "आई, मी राहिले." तर माझ्याकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तिना डोकामा करंट सोडा शे. तिले रोट दिधा तर कानबाई कोपी जाई."

कानबाई कोपेल! अहो, ती बाई आहे. तिला कळत नसेल का?

स्वातीने स्वतःचा रोट मोडला. अर्धा मुठीत धरून पंगतीच्या मागून माझ्याकडे येत होती. आईंनी तिचं मनगट धरलं आणि मूठ उघडायला लावली. नऊ वर्षांची पोर, रडलीसुद्धा नाही, नुसती तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही खांबाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभे होता. तुमचं तोंड चालू होतं, म्हणजे तुमच्या तोंडात रोट होता. तो गिळून झाल्यावर तरी एक शब्द काढायचा होता!

मग दादा म्हणाले, दिवाळी झाली की भाऊबंदकीची बैठक बसवू, फारकत करून टाकू, पोर बापाच्या घरची आहे. जणू म्हैस कोणाच्या दावणीला बांधायची ते ठरतं आहे.

ठीक आहे. आता मीही खरं लिहिते. मला थकवा नव्हता. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, मग पत्रात खोटं कशाला? होळीपासून मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. स्टोव्ह स्वाती पेटवायची, भात तीच लावायची, स्वतःची वेणी स्वतः घालून वाकड्या भांगाने शाळेत जायची. मला हाक ऐकू यायची, पण ओ द्यायला जीभ उचलायची नाही. काय होतंय म्हणून विचारलंत तर सांगता येत नव्हतं. आणि तुम्ही काय केलंत? दोन पाळ्या करायला लागलात, म्हणजे घरी यायलाच नको. त्या दवाखान्याचं नाव मी स्वतः मंगलाबाईकडून काढलं. तुम्ही फक्त सही करायला आलात.

आणि मी बरी झाले. रोज गेले, मशीनची टकटक ऐकली, हेतलबेन बरं वाटतंय का म्हणून विचारायच्या, "सारू लागे छे ने, बेन?" आधी नाही म्हणायचे, मग थोडं म्हणायला लागले, मग एक दिवस घरी येऊन वरणाला फोडणी दिली आणि तो वास मला आवडला. मंगलाबाई काहीतरी बोलली आणि मी हसले. मशीनने मला उठवलं. उठवलं म्हणून तर तुमच्या अंगणात उभी राहून भांडले. आधीची मी असते तर उपाशी पडून राहिले असते.

पोरीला आणून सोडा. हे दुसऱ्यांदा लिहिते आहे.

वत्सला


७ सप्टेंबर १९९७

स्वातीच्या पप्पांना,

राग इतका आला आहे की तो कोणावर काढू हे कळत नाही. तुम्ही हाताशी नाही, म्हणून कागदावर काढते.

चार दिवसांपूर्वी डॉक्टरांनी सगळ्या पेशंटना बोलावलं होतं, तपासणीचं काम संपलं म्हणून. मी ठेवणीतली साडी नेसून, पेढे घेऊन गेले. आभार मानायला! वशी डॉक्टर म्हणाले, "वत्सलाबेन, बसा. एक सांगायचं आहे." आणि सांगितलं काय, तर अर्ध्या पेशंटना खरं चुंबक दिलं, अर्ध्यांना खोटं. मी खोट्यांतली.

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, खोटं म्हणजे? आवाज तर यायचा. ते म्हणाले, मशीन तिरपं धरलं होतं. कडेवर उभं केलं की टक टक तसंच वाजतं, पण चुंबक डोक्यात जात नाही, बाजूने निघून जातं. पहिल्या दिवशी जागा शोधायला दोनचार ठोके खरे दिले होते, अंगठा उडाला तो त्यांनीच. पुढचा सगळा इलाज तिरपा.

मी हेतलबेनकडे बघितलं. ती खाली मान घालून पेढ्यांच्या डब्याची दोरी गुंडाळत बसली होती. रोज हसून सारू लागे छे विचारणारी बाई, आणि रोज हाताने मशीन वाकडं करत होती!

मी म्हटलं, "डॉक्टर, मग मी गळ्यातलं रोज उतरवून वाटीत ठेवलं ते कशाला? नुसता आवाज ऐकायला? त्यापायी नवरा गेला, पोर गेली. आवाज तर माझ्या गल्लीत लूमचा दिवसभर फुकट येतो!" ते म्हणाले, खरं आणि खोटं दोन्ही करून बघितल्याशिवाय चुंबकाने गुण येतो की नुसत्या आशेने, हे कळणार कसं? हे सगळं कागदावर लिहिलेलं होतं. मी विचारलं, कोणत्या भाषेत? तर गुजरातीत आणि इंग्रजीत. म्हटलं, मला वाचता येतं. मराठी वाचता येतं. अर्धं डिंडोली मराठी वाचतं. ज्याच्या डोक्याला हात लावायचा त्याच्या भाषेत एक कागद टाइप करायला काय हरकत होती? तोंडी सांगताना ही एवढीच ओळ कशी राहिली? डॉक्टर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. चूक झाली." मोठा माणूस चूक झाली म्हणाला, पण मला त्याचं काय करायचं आहे?

मी विचारलं, मग मी बरी कशी झाले? म्हणाले, रोज घराबाहेर पडलात, कोणी विचारपूस केली, बरं वाटेल अशी खात्री होती, त्यानेही फरक पडतो. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. पण खोकला गेला कुठे? गावाहून परत आल्यापासून मी पुन्हा पडून आहे. तुम्हाला लिहिणार नव्हते. पेढे नेले ते एकदा तरी उठवलं म्हणून. पहाटे डोळे उघडतात आणि उघडू नयेत असं वाटतं. धाग्यांच्या साड्या तशाच परत गेल्या. त्या दिवशी तिथे भांडले ते कुठल्या बळावर, देव जाणे. घरी येऊन पुन्हा भिंतीकडे तोंड केलं, आणि हे पत्र चार दिवस तुकड्या-तुकड्याने लिहिते आहे.

डॉक्टर म्हणाले, खोट्यातल्यांना आता खरं देणार आहोत. गुण येईलच अशी खात्री देत नाही, पण ज्यांना खरं दिलं त्यांतल्या बऱ्याच जणांना फरक पडला. कधी यायचं ते तुम्ही ठरवा. मी हो म्हटलं नाही. उठून आले.

आणि आता तुमच्याकडे वळते. ज्या करंटपायी तुम्ही पोर पळवली, मला पंगतीत वगळलं, फारकतीच्या गोष्टी केल्या, तो माझ्या डोक्यात गेलाच नव्हता! नुसता आवाज होता. तुमची देवी आवाजाला घाबरली का? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरीच झाली नव्हती. हे दादांना वाचून दाखवा. आईंना दाखवा. आणि पोरीला परत आणा.

वत्सला


डिंडोली
२९ सप्टेंबर १९९७

स्वातीच्या पप्पांना,

तीन पत्रं लिहूनही तुम्ही आला नाहीत, म्हणून काल मीच आले. मामंजींचं पितर, सगळी भाऊबंदकी जेवायला जमलेली, त्याहून चांगला दिवस कोणता? घडलं ते तुम्ही पाहिलंच. तरी लिहिते, कारण तुम्ही पाहिलं त्यात एक गोष्ट नव्हती.

हेतलबेन माझ्याबरोबर आपण होऊन आल्या. पत्ता काढत घरी आल्या होत्या, मी पडलेली बघून तिथेच रडायला लागल्या. मी म्हटलं, रडू नका, रडून माझी पोर येणार नाही. गाडीत बसा आणि जे केलंत ते माझ्या सासरी येऊन सांगा. कोणाला वाटलं होतं की येतील? पांढरा कोट पिशवीत घालून आल्या आणि तुमच्या ओट्यावर चढण्याआधी अंगात घातला.

दादांनी त्यांना उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं, "इलाज म्हणून हिच्या डोक्यात काय सोडलं?" त्या म्हणाल्या, "इलाज म्हणून काही नाही. मी मशीन तिरपं धरत होते." शपथ घ्यायला सांगितली, तर कानबाईच्या कोनाड्यापुढे हात जोडून घेतली. खरंच होतं, घ्यायला काय हरकत? मग तुम्ही तोंड उघडलंत, आणि उघडलंत तेही कशासाठी, तर "अंगठा उडाला होता त्याचं काय?" त्या म्हणाल्या, "भाई, जागा शोधताना सगळ्यांचाच उडतो. सुरतेला या, तुमचाही उडवून दाखवते." अख्खी पंगत हसली. तुम्ही हसला नाहीत.

आणि मग बघा कसं सगळं सोपं झालं! आई म्हणाल्या, "मी तर म्हणतच होतू, आपली वत्सला चांगली शे." कधी म्हणत होत्या? कोणाला म्हणत होत्या? वहिनींनी ताट वाढलं. दादा म्हणाले, गैरसमज झाला, घरात होतं असं, दसऱ्याला भिकन येऊन राहील, आता पोरीला घेऊन जा, शाळा बुडते आहे. म्हणजे शाळा बुडते हे त्यांना माहीत होतं. आई वरून म्हणाल्या, "आता त्या दवाखान्यात पाय टाकू नको." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. स्वातीचे कपडे पिशवीत भरत होते. हेतलबेननी माझ्याकडे बघितलं आणि त्याही जेवत राहिल्या. त्यांना जेवढं विचारलं तेवढंच त्यांनी सांगितलं होतं.

गाडीत स्वाती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, ती सुरत येईपर्यंत. सकाळी भांग मी पाडून दिला. आज शाळेत जाऊन बाईंना भेटले आणि हेडमास्तरांना सांगून आले की माझ्याशिवाय कोणाच्याही हाती पोर द्यायची नाही, बाप आला तरी नाही. त्यांनी लिहून घेतलं.

मंगलाबाई म्हणते, झालं ना तुझ्या मनासारखं, आता गप्प बस. डोक्यात काही गेलं नाही म्हणून तू शुद्ध ठरलीस, तेच धरून राहा. नवरा दसऱ्याला येतो आहे. पुढे काही करायचं तर करू नको, आणि केलंस तर सांगू नको.

मी विचार केला. रात्रभर नाही, दुपारी साडीचे धागे कापता कापता केला. काही गेलं नाही म्हणून मी तुमची, आणि गेलं की मी परकी? मग उद्या ताप आला आणि सुई टोचली तर? परवा दिसेनासं झालं आणि चष्मा लागला तर? मी आजारी पडायचं, भिंतीकडे तोंड करून मरायचं, पण कुळाचा रोट खायला लायक राहायचं! असला रोट तुमच्या दादाला लखलाभ. आणि मी पुन्हा पडले तर स्टोव्ह कोण पेटवणार? पोर. ते मी होऊ देणार नाही.

तर आता तुम्ही पाहिलं नाहीत ते सांगते. गावाला निघायच्या आदल्या दिवशीच मी डॉक्टरांकडे हो म्हणून आले होते. या वेळी कागद मराठीत होता, हेतलबेनच्या ओळखीच्या मास्तरांनी लिहून दिलेला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी प्रश्न विचारले, मग सही केली. सही एकटीची आहे, तुमच्यासाठी जागा ठेवली नव्हती.

उद्या सकाळी स्वातीला शाळेत सोडून मी जाणार आहे. मशीन सरळ धरणार आहेत. तुम्ही महिनोन्‌महिने गावभर जे सांगत फिरलात, ते आता उद्यापासून खरं होणार. दादांना सांगा, आईंना सांगा, कार्डावर लिहून टाका, पोस्टमन वाचेल.

दसऱ्याला यायचं असेल तर या. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसायची तयारी असेल तरच या.

हे कळवलं आहे. विचारलेलं नाही.

वत्सला